शेक : किरणोपचाराच्या सव्वाशे वर्षांचा हिशेब



आपल्या परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात कर्करोगाच्या पेशंटच्या घरी जाऊन बसा आणि विचारा, "इलाज काय चालू आहे?" उत्तर येतं, "शेक चालू आहेत." किंवा, "पंचवीस शेक सांगितलेत, अकरा झाले." कुणी 'लाईट' म्हणतं, कुणी 'करंट' म्हणतं. 'रेडिएशन' हा शब्द फाईलवर असतो. घरात मात्र शेकच.

आजच्या व्याख्यानाचा विषय हा शेक आहे. म्हणजे किरणोपचाराचा इतिहास, आणि त्यातही एकच बाजू : गाठीच्या आजूबाजूचं जे चांगलं शरीर असतं, त्याचं या उपचारात काय झालं आणि ते वाचवायला माणसं काय काय शिकली. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. या विषयाकडे वळलो त्याला घरातलं कारण आहे, ते आधी सांगतो.

१९८६ साली माझ्या आत्याला गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग निघाला. सेलू तालुक्यातलं गाव. तिला घेऊन मी मुंबईला गेलो. तेव्हा आपल्याकडे मीटरगेज होती, मनमाडला उतरून गाडी बदलावी लागायची. पहिल्या दिवशी ती मशीनखालून बाहेर आली आणि मला म्हणाली, "अरे, नुसतं निजवलं अन् ऊठ म्हनले. ऊब तर काहीच न्हाई. शेक कुठं दिला?" तिला वाटलं, मशीन बंदच होतं. पुढे दहा-बारा दिवसांनी जुलाब सुरू झाले, कातडी काळवंडली, तेव्हा म्हणाली, "आता आग व्हायलीय रे बापू. आनखी भाजून घिऊ व्हय?"

आधी ऊब का नाही, आणि नंतर आग का, या दोन प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत. बी.एस्सी. झालो होतो, पण आत्याला समजेल असं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं. पुढचं नंतर सांगतो. आज ती दोन उत्तरं द्यायचा प्रयत्न आहे.

शेक, पण उष्णतेचा नव्हे

आपण बाळंतिणीला शेगडीचा शेक देतो, दुखऱ्या गुडघ्याला विटकरीचा देतो. त्यामुळे शेक म्हटलं की ऊब आलीच. पण किरणोपचाराच्या मात्रेचा हिशेब करून बघा. मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. १ ग्रे म्हणजे दर किलो शरीरामागे १ ज्यूल ऊर्जा. रोजचा नेहमीचा शेक २ ग्रेचा असतो. तेवढ्यानं त्या जागेचं तापमान किती वाढतं? एका अंशाचा सुमारे दोन हजारावा भाग. आत्याला ऊब लागली नाही, कारण ऊब नव्हतीच.

आता उलट बाजू बघा. ४ ग्रेच्या आसपासची मात्रा एका दमात सबंध शरीराला बसली, तर उपचाराशिवाय माणूस जगायची शक्यता निम्म्यावर येते. आणि ती सगळी ऊर्जा मिळून किती? गरम चहाच्या एका लहानशा घोटातल्या उष्णतेइतकी. म्हणजे इथं ऊर्जा किती पडली यापेक्षा ती कुठं पडली याला महत्त्व आहे. हे किरण पेशीच्या केंद्रात जाऊन डीएनएचा धागा तोडतात. धागा तुटलेली पेशी बहुधा लगेच मरत नाही. पुढच्या वेळी ती दोन व्हायला जाते, तेव्हा अडखळते आणि मरते. म्हणून परिणाम उशिरा दिसतो. ज्या पेशी भराभर बदलतात, म्हणजे आतड्याचं आणि तोंडाचं अस्तर, कातडी, केसांची मुळं, रक्त तयार करणारा मगज, तिथं तो आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो. आत्याची आग ही भाजल्याची आग नव्हती. जुनी कातडी झडत होती आणि तिच्या जागी यायच्या नव्या पेशी तयार होत नव्हत्या.

हे आज मी दोन मिनिटांत सांगितलं. हे कळायला जगाला काही दशकं लागली, आणि त्याची किंमत पहिल्यांदा डॉक्टरांच्याच हातांनी मोजली.

पहिल्या जखमा

८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीत वुर्त्सबुर्ग इथं विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. हाडं आणि बोटातली अंगठी दिसणारा तो फोटो बघता बघता जगभर गेला. १८९६ सालीच क्ष-किरणांनी केस गळाल्याच्या, कातडीला चट्टे पडल्याच्या बातम्या यायला लागल्या. आणि त्याच वर्षी काही डॉक्टरांच्या मनात आलं, की जे किरण चांगली कातडी झडवतात, ते वाईट गाठही झडवतील. उपचाराची कल्पना जन्मली ती अपायातूनच.

रेडियमची गोष्ट तशीच. मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियम शोधलं. १९०१ साली आंरी बेकेरेल यांनी रेडियमची एक नळी जाकिटाच्या खिशात ठेवून प्रवास केला. काही दिवसांनी खिशाच्या बरोबर मागे, पोटावर लाल चट्टा उठला, मग जखम झाली. पिएर क्युरींनी हे मुद्दाम करून पाहिलं. स्वतःच्या दंडावर काही तास रेडियम बांधून ठेवलं. दीड महिना उलटून गेला तरी ती जखम पुरती भरली नव्हती. दोघांनी मिळून त्यावर टिपण लिहिलं आणि त्यानंतर पॅरिसच्या डॉक्टरांनी कातडीच्या रोगांवर रेडियम लावायला सुरुवात केली.

तेव्हा मात्रा मोजायला एकक नव्हतं. सकाळी दवाखाना उघडला की कित्येक डॉक्टर आणि तंत्रज्ञ नळीसमोर आपलाच हात धरायचे, हाडं नीट दिसली की नळी चांगली चालतेय असं समजायचे. रोज, वर्षानुवर्षं. पेशंटला मात्रा किती द्यायची? तर कातडी लाल होईपर्यंत. 'कातडी लाल करणारी मात्रा' हेच पुष्कळ वर्षं माप होतं. म्हणजे बघा, जे चांगलं अंग वाचवायचं, तेच मोजपट्टी म्हणून वापरलं जात होतं. रोंटगेन हे एकक आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालं ते १९२८ साली, आणि संरक्षणाचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय समितीही त्याच वर्षीची.

दरम्यान हात गेले. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या नळ्यांवर काम करणारा क्लॅरेन्स डॅली आधी हात गमावून बसला आणि १९०४ मध्ये कर्करोगानं गेला. एडिसननं क्ष-किरणांचं काम सोडून दिलं. मेरी क्युरी १९३४ साली गेल्या, त्याही रक्त तयार करणारा मगज निकामी होऊन. १९३६ साली हॅम्बुर्गमध्ये एका रुग्णालयाच्या आवारात स्मारक उभं राहिलं. क्ष-किरण आणि रेडियमचं काम करताना मेलेल्या वेगवेगळ्या देशांतल्या दीडशेहून अधिक माणसांची नावं त्यावर तेव्हा कोरली होती.

एक गोष्ट इथं ध्यानात घ्या. गाठ मारायची ताकद पहिल्या वर्षापासूनच हातात होती. पुढची सव्वाशे वर्षं गेली ती शेजारच्या चांगल्या पेशींना सांभाळायला शिकण्यात.

हप्त्यानं दिलेली मात्रा

पहिली मोठी पायरी फ्रान्समध्ये घडली. १९०६ मध्ये बेर्गोनिए आणि ट्रिबोंदो या दोघांनी एक नियम मांडला : ज्या पेशी भराभर विभागतात आणि अजून पक्क्या घडलेल्या नाहीत, त्यांच्यावर किरणांचा घाव जास्त बसतो. कर्करोगाच्या पेशी बऱ्याचदा तशाच असतात.

मग पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये क्लॉड रेगो यांनी एक प्रयोग केला. या संस्थेत भौतिकशास्त्राचा विभाग मेरी क्युरींकडे होता आणि जीवशास्त्राचा रेगोंकडे. प्रयोग कशावर, तर मेंढ्यावर. नर मेंढ्याची प्रजननक्षमता क्ष-किरणांनी संपवायची. एका दमात तेवढी मात्रा दिली, की वरची कातडी हमखास जळायची. तीच मात्रा काही दिवसांत थोडी थोडी वाटून दिली, तर मेंढा वांझ व्हायचा आणि कातडी शाबूत राहायची. रेगोंनी ओळखलं, की वृषणातल्या पेशी भराभर वाढतात, म्हणजे त्या गाठीसारख्या. आणि वरची कातडी म्हणजे गाठीभोवतीचं चांगलं अंग. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी १९२०च्या दशकात घशाच्या कर्करोगावर हीच पद्धत वापरली. रोज थोडं, कित्येक आठवडे. खोलवरचे कर्करोग बरे होऊ लागले आणि गळा जागेवर राहिला.

हे का घडतं? आपल्या मोंढ्यातले दोन हमाल डोळ्यांसमोर आणा. दोघांवरही रोज सारखंच ओझं. एक रात्री जेवून झोपतो आणि सकाळी ताजा होऊन येतो. दुसऱ्याला डोळा लागतच नाही. पहिल्या दिवशी दोघंही थकतील. पंधराव्या दिवशी कोण कोसळेल, हे सांगायला नको. चांगल्या पेशीला तुटलेला धागा जोडता येतो, आणि ते काम बहुतेक काही तासांत उरकतं. कर्करोगाच्या पेशीला वाढायची घाई असते, तिची दुरुस्ती कच्ची राहते. आज २ ग्रे दिले आणि उद्यापर्यंत थांबलं, की ती मधली रात्र चांगल्या पेशीच्या बाजूनं काम करते.

आणखी एक कारण पुढे कळलं. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी पोचतो आणि ऑक्सिजन कमी असला की किरणांचा घाव नीट बसत नाही. लंडनच्या लुई हॅरॉल्ड ग्रे यांनी १९५०च्या दशकात हे दाखवलं, त्यांचंच नाव आज एककाला आहे. रोज थोडं थोडं दिलं की गाठीचा बाहेरचा थर मरतो, आतल्या थराला ऑक्सिजन पोचतो आणि दुसऱ्या दिवशी तोही माऱ्यात येतो.

म्हणून पंचवीस शेक, तीस शेक, पस्तीस शेक. आठवड्यातून पाच दिवस, पाच ते सात आठवडे. आपल्या फाईलवरचा हा आकडा पॅरिसच्या त्या मेंढ्यापासून आलेला आहे.

कातडीच्या खाली

दुसरी पायरी खोलीची. जुन्या क्ष-किरण मशीनची मात्रा सगळ्यात जास्त कातडीवरच पडायची, आत जाता जाता कमी व्हायची. पोटातल्या गाठीला पुरेशी मात्रा द्यायची तर वरची कातडी बळी द्यावी लागे. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य वापरून मशीन तयार झालं. त्याचे किरण जास्त जोरकस. त्यांची सगळ्यात मोठी मात्रा कातडीवर न पडता सुमारे अर्धा सेंटिमीटर खाली पडते. अर्धाच सेंटिमीटर, पण त्यानं कातडी वाचली.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगात वेगळा मार्ग होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनच रेडियमची नळी आतून, थेट गाठीपाशी ठेवत. कंदिलापासून दोन हात लांब गेलं की उजेड चौपटीनं कमी होतो, तसंच इथं. गाठीला भरपूर, मूत्राशय आणि गुदाशयाला कमी. १९३८ मध्ये मँचेस्टरच्या मार्गारेट टॉड आणि मेरेडिथ यांनी ही मात्रा मोजायला 'ए बिंदू' ठरवला. तो ठरवताना गाठीचं माप घेतलं नाही. पिशवीशेजारचा जो चांगला भाग मात्रा सोसू शकत नाही, तो बघून बिंदू ठरवला. मात्रा किती, हे चांगल्या अंगानं ठरवायचं, ही समज तिथं पक्की झाली.

आता आपल्याकडे या. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजी टाटा गेले. त्यांच्या ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केलं. तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात. आपल्या लोकांची राजधानी हैदराबाद. तिथंही १९५५ मध्ये मेहदी नवाज जंग यांच्या नावानं ओळखली जाणारी कर्करोगाची संस्था उभी राहिली. आणि पुढच्याच वर्षी, १९५६ला, राज्यांची फेरमांडणी झाली. आपण मुंबई राज्यात आलो, हैदराबाद दुसऱ्या राज्यात गेलं. गोदावरीकाठच्या पेशंटनं कुठल्या गाडीत बसायचं, हे त्या फेरमांडणीनं बदललं.

कोबाल्टचं मशीन भारतात १९५७ मध्ये मद्रासच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये आलं. १९६२ साली टाटा रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे गेलं. लोकांना नवल वाटतं, रुग्णालय आणि अणुऊर्जेकडे? पण कर्करोगाच्या उपचारात किरणांचं काम वाढत जाणार, हा त्यामागचा विचार होता. त्याच विभागाच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं पुढे देशी बनावटीचं कोबाल्ट मशीन घडवलं, 'भाभाट्रॉन'. पहिलं मशीन २००५ मध्ये खारघरला बसलं. नंतर भारतानं ती मशीन व्हिएतनामसारख्या देशांनाही दिली.

उशिरा येणारं देणं

चांगल्या पेशींवरचे परिणाम दोन तऱ्हेचे. एक लगेचचे : तोंड येणं, जुलाब, कातडी काळवंडणं, त्या भागातले केस जाणं, थकवा. उपचार संपले की हे बहुतेक काही आठवड्यांत ओसरतं. दुसरे उशिराचे : काही महिन्यांनी, काही वर्षांनी येणारे. लाळ आटते, तोंड उघडेनासं होतं, जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, शौचातून रक्त जातं, मांस घट्ट होतं. फार वर्षांनी क्वचित त्याच जागी दुसरा कर्करोगही निघतो, विशेषतः लहानपणी उपचार झालेल्यांना.

हे उशिराचे परिणाम पहिल्या पिढीच्या डॉक्टरांना फारसे दिसले नाहीत, कारण पेशंट तितकी वर्षं जगतच नव्हते. माणसं बरी होऊन वीस-वीस वर्षं जगायला लागली, तेव्हा हे देणं समोर आलं. डाव्या स्तनाच्या कर्करोगाला दिलेले किरण हृदयापर्यंत जायचे. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या दोन हजारांवर बायकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हृदयाला सरासरी जितके ग्रे जास्त, तितका हृदयविकाराचा धोका, दर ग्रेमागे सुमारे ७ टक्क्यांनी, वाढलेला दिसला. त्यानंतर हृदय वाचवण्याकडे लक्ष आणखी वाढलं. श्वास भरून धरायला सांगतात ते त्यासाठीच. छाती फुगली की हृदय किरणांपासून दूर सरकतं.

यातून तिसरी पायरी आली, ती आकाराची. सीटी स्कॅन आणि संगणक आल्यावर गाठीचा आकार नेमका कळायला लागला. लिनॅक मशीनच्या तोंडाशी धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्या हाताच्या बोटांसारख्या मागेपुढे सरकून किरणांना गाठीचा आकार देतात. मात्राही जागेजागी कमी-जास्त करता येते. डोकं हलू नये म्हणून तोंडावर जाळीदार मुखवटा बसवतात, तोही याच कारणासाठी.

फरक किती पडला? घशाच्या कर्करोगावर ब्रिटनमध्ये झालेली एक चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. जुन्या पद्धतीत वर्षभरानंतर शंभरातल्या ७४ जणांचं तोंड त्रास होण्याइतकं कोरडं होतं, लाळग्रंथी वाचवणाऱ्या नव्या पद्धतीत ३८ जणांचं. आणि आपल्या टाटा मेमोरियलमध्ये गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या ३०० बायकांवर चाचणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. आतड्याचा उशिराचा त्रास तीन वर्षांत जुन्या पद्धतीनं शंभरात ४२ जणींना, नव्या पद्धतीनं २१ जणींना. निम्म्यावर आला. कर्करोगावरचा परिणाम मात्र तेवढाच. हे काम परदेशातून उसनं आणलेलं नव्हतं, ते परळ-खारघरला झालं.

मधलं अंतर

आता आत्याची राहिलेली गोष्ट.

पंचवीसपैकी अकरा शेक झाले होते. जून लागला. गावाकडून निरोप आला, पाऊस पडलाय, मृगाची पेरणी करायची. आत्या म्हणाली, "आठ दिवस जाऊन येऊ. तवर कातडी बी भरल." मला ते पटलं. जखम भरू द्यावी, मग पुढचे शेक घ्यावेत, यात मला काही चूक दिसली नाही. ती गेली. पेरणी झाली, मग खुरपणी आली. त्रास थांबला होता, तिला बरं वाटत होतं. ती परत गेली नाही. पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी आत्या गेली.

अकरा शेक म्हणजे पंचवीसातला जवळजवळ निम्मा इलाज, असा आमचा हिशेब होता. तो चूक होता. मधली रात्र चांगल्या पेशीच्या बाजूनं असते, हे मी सांगितलं. पण रात्रीचे आठवडे झाले, की तीच फुरसत गाठीला मिळते. मारातून वाचलेल्या पेशी आधीपेक्षाही वेगानं वाढायला लागतात. उपचार ठरल्यापेक्षा जितका लांबतो, तितकी गाठ काबूत राहण्याची शक्यता दर दिवशी साधारण एका टक्क्यानं घटते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगात बाहेरचे आणि आतले मिळून सगळे उपचार आठ आठवड्यांत पुरे व्हावेत असा दंडक आहे, तो त्यामुळेच.

म्हणजे पेच बघा. चांगल्या पेशी वाचवायला मात्रा हप्त्यांत वाटावी लागली. हप्ते केले म्हणून महिना-दीड महिना रोज हजर राहणं आलं. पॅरिसमध्ये राहणाऱ्याला ते जमतं. परभणीहून मुंबई रेल्वेनं साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. सोबत एक माणूस हवा, म्हणजे दोघांचा रोजगार बुडाला. राहायचं कुठं? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा ठिकाणांनी हजारो घरं तारली आहेत. तरीही परळच्या फूटपाथवर पथारी टाकून शेक पुरे केलेली माणसं आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असतील. किरणोपचाराच्या दुष्परिणामांची यादी डॉक्टर देतात, त्यात हे अंतर नसतं. आपल्या भागात मात्र ते यादीत पहिलं लिहायला हवं, कारण त्यानं इलाज अर्धवट सुटतो.

हे अंतर कमी करायचे प्रयत्न झाले, तोही या इतिहासाचाच भाग आहे. १९८२ मध्ये बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय सुरू झालं. तालुक्याच्या गावी कर्करोगाचं रुग्णालय! १९८७ पासून तिथं देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातल्या बायकांमध्ये गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग किती आहे, हे त्या नोंदींनी कागदावर आणलं. तिथूनच १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायका. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी केली, त्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू पुढच्या आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे जगापुढे आलं. आपल्या मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला दिलेला पुरावा आहे हा. लवकर सापडलेल्या दोषाला शेक लागतच नाहीत, त्याहून चांगला बचाव कुठला?

२०१२ मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झालं. त्याच वर्षी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली. शेजारचा नांदेड त्यात होता, परभणी नव्हता. पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली. आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना, आणि तिच्यात किरणोपचार बसतो. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. हे माहीत नसल्यानं तिकिटाचे पैसे भरलेली माणसं मला अजून भेटतात.

शेवटची गोष्ट आशेची. गेल्या काही वर्षांत उलटा विचार सुरू झालाय : नेम इतका अचूक झाला, की चांगल्या पेशींना फारसं लागतच नाही, मग हप्ते कमी का करू नयेत? स्तनाच्या कर्करोगावर २०२० साली ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष आले. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांत १५ शेक आणि एकाच आठवड्यात ५ शेक, पाच वर्षांनंतरचा परिणाम सारखाच. प्रत्येक कर्करोगाला हे लागू नाही, तो निर्णय डॉक्टरांचा. पण पाच शेक म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? सोमवारी गेलं, शनिवारी घरी. पेरणी चुकत नाही.

आत्या आज समोर असती तर सांगितलं असतं : आत्या, ऊब लागत नाही कारण हा उष्णतेचा शेक नाही. आग होते ती भाजल्याची नाही, तुझी कातडी नवी व्हायला थोडी थांबली आहे, ती होईल. आणि रोज थोडं थोडं देतात ते तुझं चांगलं अंग वाचावं म्हणून. त्यात खंड पाडू नकोस. पेरणीचं आम्ही बघतो.

हे शेवटचं वाक्य सांगायला भौतिकशास्त्र लागत नव्हतं. तेच आम्ही तेव्हा म्हणालो नाही.

*(व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतून)*

प्रश्न : शेक घेऊन आलेल्या माणसाजवळ लहान लेकरांनी जावं का?

उत्तर : मशीननं बाहेरून शेक दिलेला असेल तर खुशाल जावं. मशीन थांबलं की किरण थांबले, अंगात काही उरत नाही. त्याच ताटात जेवलं, एका पांघरुणात झोपलं तरी काही होत नाही. आजी घरी आली की नातवंडांना दूर ठेवतात, त्यानं तिला उगाच जास्त त्रास होतो. किरणोत्सारी औषध पोटात दिलं असेल, थायरॉईडच्या आजारात देतात तसं, तर नियम वेगळे, ते रुग्णालय सांगतं.

प्रश्न : त्रास फारच झाला तर दोन-चार दिवस बंद ठेवले तर चालतं का?

उत्तर : आपल्या मनानं नाही. त्रास सुरू झाल्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांना सांगा. जुलाबाला, तोंड येण्याला, कातडीला औषधं आहेत. थांबवायची वेळ आलीच तर ते थांबवतील, आणि बुडालेले दिवस कसे भरून काढायचे तेही तेच ठरवतील. तोंडाच्या कर्करोगात शेक सुरू व्हायच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा, काढायचे दात आधीच काढून घ्या. नंतर जबड्याची जखम लवकर भरत नाही. आणि तंबाखू, गुटखा, मिसरी त्या दिवसापासून बंद, हे मी सांगायला नको.